शलाका-जुळणी

शलाका-जुळणी : वेगवर्धकातून निघणारी आयनांची (विद्युत्भारित अणूंची) शलाका म्हणजे झोत हव्या त्या ऊर्जेने, बारीक ठिपक्यात आणि स्थिर प्रवाहाने लक्ष्यावर पडावी, यासाठी प्रयोगापूर्वी चुंबकांचे प्रवाह व विद्युत्‌दाब जुळवण्याची क्रिया. प्रयोगशाळेत सर्रास ‘बीम ट्यून करणे’ असेच म्हणतात. वर्तुळाकार वेगवर्धकांच्या गणितात ‘ट्यून’ म्हणजे एका फेरीत कण जितके झोके घेतो ती संख्या. ती राशी निराळी.

या क्रियेचा आरंभ नेमका सांगणे कठीण आहे. बर्कली येथे १९३१–३२ च्या सुमारास ११ इंची सायक्लोट्रॉनच्या (वर्तुळाकार वेगवर्धकाच्या) चुंबकात लोखंडाच्या पातळ पट्ट्या सरकवून लिव्हिंग्स्टन यांनी शलाका कडेपर्यंत टिकवली. तिला पूर्वरूप म्हणण्यास हरकत नसावी. आज शलाका आवळण्याचे काम मुख्यतः चतुर्ध्रुवी चुंबकांकडे असते. त्यांच्यामागील तीव्र केंद्रीकरणाच्या (शलाका आळीपाळीने आवळत व पसरवत एकंदरीत बारीक ठेवण्याच्या) तत्त्वाचे श्रेय बहुधा कुरंट, लिव्हिंग्स्टन व स्नायडर यांच्या १९५२ च्या निबंधाला दिले जाते. तथापि अथेन्समध्ये लिफ्ट बसवण्याच्या व्यवसायातील अभियंता निकोलस ख्रिस्तोफिलोस यांनी १९५० मध्येच या कल्पनेच्या पेटंटासाठी अर्ज केला होता आणि पुढे १९५२ च्या निबंधामागील ब्रुकहेव्हन प्रयोगशाळेच्या गटानेही त्यांचे अग्रत्व मान्य केले. दोन्ही शोध स्वतंत्र, पण पहिला मान ख्रिस्तोफिलोस यांचा, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

मुंबईत कुलाबा येथे टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या आवारात, भाभा अणुसंशोधन केंद्राच्या सहकार्याने उभारलेला १४ दशलक्ष व्होल्टचा पेलेट्रॉन हा वेगवर्धक १९८८ च्या अखेरीपासून आहे. अशा यंत्रात ऋण आयन मध्यावरील धन अग्राकडे (उच्च विद्युत्दाबाच्या टोकाकडे) खेचले जातात, तेथील कार्बनच्या पातळ पापुद्र्यात त्यांचे इलेक्ट्रॉन सोलले जातात आणि धन झालेले आयन पुढे ढकलले जातात. अग्रावर १२ दशलक्ष व्होल्ट असता पूर्ण सोललेला कार्बन सुमारे ८४ एमईव्ही (दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट) ऊर्जा घेऊन निघतो. पुढचा ९० अंशांत वळवणारा चुंबक नेमकी ऊर्जा निवडतो. त्यापलीकडील फटीच्या दोन्ही ओठांवर सारखाच प्रवाह पडत असेल तर अग्राचा दाब स्थिर आहे असे समजते. एका ओठावर तो वाढला की दाब आपोआप सुधारला जातो.

जुळणी टप्प्याटप्प्याने, एकेका फॅराडे कपावरील (शलाका अडवून तिचा प्रवाह मोजणाऱ्या धातूच्या कपावरील) प्रवाह वाढवत केली जाते. शेवटी लक्ष्याच्या जागी क्वार्ट्झची चकती ठेवून तिच्यावरचा चमकता ठिपका कॅमेऱ्यातून पाहतात. केवळ कपातला प्रवाह कमाल करून थांबणे मात्र फसवे ठरते. लक्ष्य नसलेली रिकामी चौकट वाटेत ठेवल्यावरही शोधकात (कण टिपणाऱ्या उपकरणात) गणना होत राहिली, तर शलाकेची विरळ किनार धातूवर घासते आहे असे समजावे. अशा वेळी थोडा प्रवाह गमावून किनार छाटणे श्रेयस्कर.

लोखंडी चुंबक आधीचे चुंबकन काही अंशी धरून ठेवतात. त्यामुळे विद्युत्‌प्रवाह चढवत आणला की उतरवत आणला, यावर क्षेत्र थोडे बदलते. गेल्या खेपेचे आकडे नोंदवहीतून उतरवून घेतले, तरी शेवटची जुळणी नव्याने करावीच लागते.