शुएजी की दांगआन? चिनी विद्यार्थ्याचं 'स्टुडंट रेकॉर्ड' नक्की कोणतं

परदेशी विद्यापीठ अर्जदाराकडे 'स्टुडंट रेकॉर्ड' मागतं. अमेरिकेतला मुलगा कॉलेजच्या ऑफिसला एक अर्ज टाकतो आणि विषय संपतो. चिनी मुलगा इथं अडखळतो, आणि दर वेळी दोष त्याच्या इंग्रजीचा नसतो. त्याच्या देशात विद्यार्थ्याची नोंद दोन जागी, दोन निराळ्या कामांसाठी ठेवलेली असते. एकीला म्हणतात शुएजी, दुसरीला दांगआन. शब्दकोश उघडावा तर या दोघींपुढे 'रेकॉर्ड', 'फाइल', 'स्टेटस', 'आर्काइव्ह्ज' असे शब्द आलटून पालटून दिसतात. मग 'शुएजी'च्या जागी 'फाइल' पडतं, 'दांगआन'च्या जागी 'आर्काइव्ह्ज', आणि वाचणाऱ्या गोऱ्या कारकुनाला वाटतं की या पोराची कागदपत्रं एखाद्या पुराभिलेखागारात ठेवली आहेत.

शुएजी म्हणजे पटावर नाव असणं. मराठी वाचकाला हे समजावून सांगण्याची गरजच नाही, कारण 'पटावर आहे', 'पटावरून कमी केलं' हे आपण शाळेत रोज ऐकलेलं असतं. दांगआन म्हणजे तुमच्याबद्दल इतरांनी लिहून, शिक्के मारून, बंद करून ठेवलेला कागदांचा गठ्ठा. शुएजी सांगतं, आज तुम्ही कुठल्या शाळेचे. दांगआन सांगतं, आजवर तुम्ही कोण होतात. पहिलं बदलत राहतं, दुसरं साठत जातं.

आधी शुएजी. चीनच्या शिक्षण मंत्रालयाने शालेय शुएजीचे देशभर लागू होणारे नियम २०१३ मध्ये आणले आणि २०१४ च्या सुरुवातीला सगळ्या देशासाठी एकच संगणक प्रणाली जोडली. प्रत्येक मुलाला एक क्रमांक मिळतो. बहुतेकांचा क्रमांक म्हणजे इंग्रजी 'जी' अक्षर आणि त्यापुढे राष्ट्रीय ओळखपत्राचे १८ अंक. ओळखपत्र क्रमांक नसलेल्यांना 'एल'ने सुरू होणारा तात्पुरता क्रमांक देतात. धोरणाचं ब्रीदवाक्यच आहे: एका माणसाला एक शुएजी, आणि माणूस जाईल तिकडे शुएजी. गावाकडून शहरात आलेलं मूल दोन शाळांच्या पटावर दिसू नये, आणि कुणाच्याच पटावर नसलेलं मूल नजरेतून सुटू नये, हा हेतू. आपल्याकडे २०१५ पासून 'सरल' ही विद्यार्थी-नोंदीची ऑनलाइन प्रणाली आली तेव्हा मुख्याध्यापकांची रात्री उशिरापर्यंत जी तारांबळ उडायची, ती पाहिलेल्यांना ही यंत्रणा परकी वाटणार नाही.

विद्यापीठात गेलं की शुएजी एका संकेतस्थळावर दिसतं. चिनी विद्यार्थी त्याला 'शुएशिनवांग' म्हणतात. स्वतःच्या खात्यात शिरलं की एक पान उघडतं: नाव, जन्मतारीख, विद्यापीठ, शाखा, किती वर्षांचा अभ्यासक्रम, नियमित की अर्धवेळ, प्रवेशाची तारीख, आणि त्याखाली सद्यःस्थितीची एक ओळ. पानावर दोन फोटोंसाठी चौकटी असतात. एकीत प्रवेशाच्या वेळचा फोटो, म्हणजे बारावीच्या वयाचा, बहुधा केस बारीक कापलेला, भेदरलेला चेहरा. दुसरी चौकट पदवीच्या वेळच्या फोटोची. ती शेवटच्या वर्षापर्यंत रिकामी. आलेला आणि बाहेर पडणारा माणूस एकच आहे ना, हे एका नजरेत ताडून पाहता यावं, अशी ती रचना.

सद्यःस्थितीची ती ओळ म्हणजे शुएजीचा जीव. नोंदणी झालेली आहे, शिक्षणात खंड घेतला आहे, परत रुजू झाला, बदली झाली, सोडून गेला, काढून टाकला. विद्यापीठाच्या शिस्तभंगाच्या पाच शिक्षा आहेत: ताकीद, कडक ताकीद, दोषनोंद, निगराणीखाली ठेवणं, आणि शेवटची शुएजी काढून घेणं. या शेवटच्या शिक्षेचं नाव 'खायछू शुएजी'. नवशिका विद्यार्थी त्याचं इंग्रजी 'त्याचं रेकॉर्ड बरखास्त केलं' असं करतो. इंग्रजीत रेकॉर्ड बरखास्त होत नाही, माणूस 'एक्स्पेल' होतो.

याहून गमतीशीर आहे 'बाओल्यू शुएजी', शुएजी राखून ठेवणं. विद्यार्थी सैन्यात भरती झाला तर विद्यापीठाने त्याचं शुएजी सैन्यातून सुटल्यानंतर दोन वर्षांपर्यंत राखून ठेवावं, असा नियम आहे. चिनी मुलगा इंग्रजीत लिहितो, 'माझं विद्यापीठ माझं स्टुडंट रेकॉर्ड दोन वर्षं ठेवणार आहे.' इंग्रजी वाचणारा समजतो, दोन वर्षांनी कागद रद्दीत जाणार. मुलाला सांगायचं असतं की माझी जागा अजून माझीच आहे, परत येऊन बसेन. तिथं 'रेकॉर्ड' हा शब्दच नको. 'प्लेस' राखून ठेवली आहे, एवढं पुरे.

आता दांगआन. ते दिसायला अगदी सामान्य असतं. जाड खाकी कागदाचं पाकीट, तोंडाशी दोन गोल कागदी चकत्या, त्यांच्याभोवती गुंडाळलेला पांढरा दोरा, वर ठळक अक्षरांत 'दांगआन पिशवी' असं छापलेलं. तोंडावर कागदी पट्टी चिकटवून तिच्यावर कार्यालयाचा लाल शिक्का अर्धा पट्टीवर, अर्धा पाकिटावर येईल असा मारलेला. पट्टी फाटली की शिक्का दुभंगतो आणि पाकीट उघडल्याचं कळतं. आत काय असतं? उच्च माध्यमिक शाळेचं नोंदपत्रक, गाओकाओ या प्रवेश परीक्षेचा अर्ज, वैद्यकीय तपासणीचा तक्ता, कम्युनिस्ट युवक संघात शिरताना भरलेला अर्ज, विद्यापीठाचे गुण, बक्षिसं आणि शिक्षा, शिक्षकांचे शेरे, पदवीच्या वेळचं नोंदपत्रक. पुढे नोकरीतली मूल्यमापनं त्यात पडत राहतात.

हे पाकीट ज्याच्याबद्दल आहे त्याला ते जवळ ठेवता येत नाही. एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात ते गोपनीय टपालाने नाहीतर सरकारी कुरिअरने जातं. कुणी हौसेने घरी आणून उघडलंच, तर पुढचं कार्यालय ते स्वीकारत नाही. शाळेकडे परत जाऊन कागद तपासून घ्यायचे आणि नव्याने शिक्के मारून घ्यायचे. आईवडिलांनी सोयीसाठी कपाटात ठेवलेल्या पाकिटाला तरुण मंडळी 'मेलेलं दांगआन' म्हणतात. सरकारी कचेऱ्या आणि सरकारी कंपन्या ते स्वतः सांभाळतात. खासगी कंपन्यांना बहुधा तो अधिकार नसतो, म्हणून त्यांच्या नोकरांची पाकिटं सरकारी मनुष्यबळ केंद्रांत पडून असतात. तिथं पूर्वी ठेवणावळ भरावी लागे, ती २०१५ च्या १ जानेवारीपासून बंद झाली.

खासगी कंपनीत दहा वर्षं काम करणाऱ्याला दांगआनची आठवणही येत नाही. गरज पडते ती सरकारी नोकरीच्या पार्श्वभूमी तपासणीला, कम्युनिस्ट पक्षात शिरताना, आणि सगळ्यांत जास्त निवृत्तीला. सेवेची जुनी वर्षं त्यातल्या कागदांवरून मोजतात. जन्मतारखेचं तर आणखी अवघड. ओळखपत्रावर एक तारीख आणि दांगआनमध्ये दुसरी असेल, तर दांगआनमध्ये सर्वांत आधी लिहिली गेलेली तारीख धरावी, असा १९९९ चा नियम आहे. शाळेच्या जनरल रजिस्टरला चुकून पडलेली जन्मतारीख बदलून घ्यायला आपल्याकडे माणसं कोर्टापर्यंत जातात, त्यांना हे वेगळं सांगायला नको. तिसरीत कुण्या मास्तरांनी घाईत लिहिलेला आकडा साठाव्या वर्षी पेन्शनच्या आड येतो.

शुएजी आणि दांगआन एकमेकांपासून सुटे आहेत, हे पटवायला नोकरीत असताना एम.ए. करणाऱ्यांचं उदाहरण सगळ्यांत चांगलं. चीनमध्ये पदव्युत्तर प्रवेशाचे दोन प्रकार आहेत. नोकरी न धरता शिकणाऱ्याला नवं विद्यापीठ 'द्याओदांग' पत्र पाठवतं, म्हणजे दांगआन आमच्याकडे धाडा. नोकरीशी करार करून शिकणाऱ्याचं दांगआन मात्र मालकाकडेच राहतं. त्याचं शुएजी विद्यापीठात, दांगआन ऑफिसात. दोन्ही नियमानुसार. अशा विद्यार्थ्याला 'तुझं स्टुडंट रेकॉर्ड कुठे आहे' असं इंग्रजीत विचारलं, तर त्याने कुठलं उत्तर द्यावं?

शाळेतही उलटा घोळ असतो. मूल बसतं एका शाळेत, शुएजी असतं दुसऱ्याच. त्याला 'ज्येदू', उसनं शिकणं म्हणतात. लातूर-कोट्याच्या क्लासेससाठी गावच्या कॉलेजात नुसतं नाव लावून ठेवणं आपल्याला ठाऊक आहेच. चीनमध्ये हा खेळ जास्त महागात पडतो, कारण गाओकाओला कुठल्या प्रांतातून बसायचं हे घरनोंदीबरोबर (कुटुंब मूळ कुठलं याची सरकारी नोंद) शुएजीवरही ठरतं, आणि काही प्रांत सलग तीन वर्षांचं शुएजी मागतात. सोप्या कट-ऑफच्या प्रांतात नुसतं नाव टांगून ठेवणाऱ्यांना तिथे 'गाओकाओचे स्थलांतरित' म्हणतात.

या दोन नोंदींपैकी एकीने दुसरीचं पितळ उघडं पाडल्याचा प्रसंग २०२० मध्ये शानदोंग प्रांतात घडला. एका शेतकरी कुटुंबातल्या बाईला प्रौढ शिक्षणाच्या अभ्यासक्रमाला नाव घालायचं होतं. शुएशिनवांगवर शोधताना तिला दिसलं की आपण एका विद्यापीठातून कधीच पदविका घेऊन बाहेर पडलो आहोत. नाव तिचं, ओळखपत्राचा क्रमांक तिचा, फोटो दुसरीचाच. २००४ च्या गाओकाओनंतर तिचं प्रवेशपत्र मधल्या मध्ये हडप करून, खोटी कागदपत्रं बनवून, दुसरी मुलगी तिच्या नावाने शिकून नोकरीलाही लागली होती. बंद पाकिटातला खोटेपणा सोळा वर्षं कुणाला कळला नाही, कारण जिची फसवणूक झाली तिला ते पाकीट बघायची सोयच नव्हती. शुएजीची नोंद तिला स्वतः पाहता आली. या आणि अशा प्रकरणांनंतर दुसऱ्याच्या नावाने उच्च शिक्षणात प्रवेश घेणं हा फौजदारी गुन्हा झाला. तो कायदा २०२१ च्या मार्चपासून लागू आहे.

माझ्या मते दोन्हींतला खरा फरक हाच: नोंद कुणाला दिसते. आणि इंग्रजी 'रेकॉर्ड' तिथंच घसरतं. अमेरिकेत १९७४ च्या कायद्याने विद्यार्थ्याला स्वतःच्या शैक्षणिक नोंदी पाहण्याचा हक्क दिला. शाळेने ४५ दिवसांच्या आत त्या दाखवल्याच पाहिजेत, आणि चूक असेल तर दुरुस्ती मागता येते. अठरा वर्षं पूर्ण झाली, किंवा कॉलेजात पाऊल टाकलं, की हा हक्क आईबापांकडून मुलाकडे येतो. त्यामुळे अमेरिकी माणूस 'स्टुडंट रेकॉर्ड' म्हणतो तेव्हा ते मागून पाहता येतं, हे त्यात गृहीत असतं. दांगआनला तोच शब्द लावला की हे गृहीतही सोबत चिकटतं, आणि मग परदेशी अधिकारी वैतागतो, 'तुमचंच आहे ना, मग झेरॉक्स का देत नाही?'

'दांग' हे अक्षर आणखी एका ठिकाणी फसवतं. गाओकाओचा निकाल लागला की 'थौदांग', म्हणजे फाइल पुढे पाठवली, असं कळतं. इथं खाकी पाकिटाचा संबंध नाही, ती संगणकावरची प्रवेशाची माहिती असते. विद्यापीठाकडे जागांपेक्षा थोड्या जास्त फाइली जातात. आज बहुतेक ठिकाणी असलेल्या समांतर पसंतीक्रमात (मुलाच्या सगळ्या पसंती एकाच फेरीत तपासणाऱ्या) जास्तीत जास्त १०५ टक्के, एकेक पसंती ओळीने घेणाऱ्या जुन्या क्रमवार पद्धतीत १२० टक्क्यांपर्यंत. म्हणून फाइल गेली म्हणजे प्रवेश झाला, असं नाही. 'माय फाइल हॅज बीन सेंट' असं वाचून परदेशातला मामा पेढे वाटायला निघाला, तर त्याला थांबवावं.

मग इंग्रजीत काय लिहावं? शुएजीसाठी 'एन्रोलमेंट' किंवा 'एन्रोलमेंट स्टेटस' निर्धोक. ब्रिटनमध्ये शाळेबाबत 'ऑन रोल' म्हणतात, तो आपल्या पटाचा सख्खा भाऊ. दांगआनसाठी 'पर्सनल फाइल' किंवा 'पर्सोनेल फाइल', आणि पहिल्यांदा येईल तेव्हा 'सरकारी कार्यालयाने सीलबंद ठेवलेली' एवढं जोडावं. 'आर्काइव्ह्ज' कधीच नको. गुणांचा तक्ता तिसराच, छंगजीदान. त्याला 'ट्रान्स्क्रिप्ट' हा नेमका शब्द आहे. शिकत असल्याचा दाखला, ज्याला आपण बोनाफाईड म्हणतो, तो 'सर्टिफिकेट ऑफ एन्रोलमेंट'. तो शुएजीवरून निघतो, दांगआनवरून नाही.

परदेशी विद्यापीठ 'स्टुडंट रेकॉर्ड' मागतं तेव्हा दहांपैकी नऊ वेळा त्याला ट्रान्स्क्रिप्ट आणि शुएशिनवांगचा पडताळणी अहवाल एवढंच हवं असतं. हा अहवाल विद्यार्थी स्वतः घरबसल्या काढतो, त्यावरचा क्रमांक टाकून परदेशातला अधिकारी तो ऑनलाइन तपासतो. दांगआनला हातही लावायचा नाही. परदेशी निघालेल्याचं पाकीट गावच्या मनुष्यबळ केंद्रात किंवा बीजिंगमधल्या शिक्षण मंत्रालयाच्या परदेशशिक्षण सेवा केंद्रात ठेवता येतं. निघण्याआधी ते कुठे जमा झालं याची पावती घेऊन ठेवायची, कारण परतल्यावर सरकारी नोकरीचा अर्ज भरताना पहिला प्रश्न तोच असतो.