भूल देण्याआधी पोटऱ्या बघितल्या

मृगाचा पाऊस लागला आणि फोंड्याकडच्या आमच्या ओळखीतला पाच वर्षांचा मुलगा चिऱ्यांच्या पायरीवरून घसरला. कोपराचं हाड मोडलं. तारा घालून बसवायचं ठरलं. आजीने देवळात कौल लावला, उजवा प्रसाद झाला, घरचे निर्धास्त. भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, आणखी काही आजार? आई म्हणाली, "पांयांत इल्लें बळ कमी, हेर कांय ना." म्हणजे पायांत थोडं बळ कमी, बाकी काही नाही.

बाईंनी चादर सारून पोटऱ्या बघितल्या. गुबगुबीत, छोट्या पैलवानाच्या असाव्यात तशा. नातेवाईक त्यांचं कौतुकच करायचे. खाली बसला की उठतो कसा? मांड्यांवर हात टेकत, स्वतःच्याच अंगावर चढल्यासारखा. ऑपरेशन त्याच दिवशी झालं, औषधं मात्र बदलली. स्नायू फुटले की रक्तात उतरणारं सीपीके हे विकर शेकड्यात हवं होतं, ते हजारोंच्या घरात आलं. पुढे जनुकीय तपासणीत निदान पक्कं झालं: डूशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी, स्नायू झिजवत नेणारा जन्मजात आजार. त्या पोटऱ्या आणि ते उठणं, दोन्ही त्याच्याच खुणा.

औषधं का बदलली, हे मला सांगायचंय. बारावीला जीवशास्त्र शिकवताना मी याच धड्यावर सगळे तास उडवतो.

भूल म्हणजे नुसती झोप नव्हे. झोप वेगळी, वेदना थांबवणं वेगळं आणि स्नायू सैल करणं वेगळं. हे तिसरं काम ऑपरेशनच्या खोलीत आलं ते १९४२ साली, मॉन्ट्रियलला, दक्षिण अमेरिकेतल्या बाणांना लावायच्या क्युरारे या विषातून.

आता चेता जिथे स्नायूला भेटते ती जागा बघा. मध्ये मिलिमीटरच्या वीस-तीस हजाराव्या भागाएवढी फट. चेतेच्या टोकातून ॲसिटिलकोलीन सुटतं, फट ओलांडतं आणि स्नायूच्या पडद्यावरची दारं उघडतं. खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या शेताच्या, बांधातली मानस, पाणी आत-बाहेर सोडणारं दार, डोळ्यांपुढे आणा. मानस उघडली की सोडियम आत, पोटॅशियम बाहेर. पेशीच्या आत पोटॅशियम बाहेरच्यापेक्षा तीसपटीहून जास्त असतं, म्हणून हा ओघ जोराचा. पण दार क्षणात मिटतं, कारण तिथलंच एक विकर ॲसिटिलकोलीनचे तुकडे करतं.

सक्सिनिलकोलीन, डॉक्टरांच्या तोंडी 'स्कोलीन', म्हणजे ॲसिटिलकोलीनचेच दोन रेणू जोडलेले. त्या विकराला ते तुटत नाही, म्हणून दारं उघडीच राहतात. अंग थरथरतं आणि मिनिटभरात सैल पडतं. धडधाकट माणसाच्या रक्तात यामुळे पोटॅशियम लिटरमागे जेमतेम ०.५ मिलिइक्विव्हॅलंटने वाढतं. मूळचं ३.५ ते ५, त्यामुळे खपून जातं.

डूशेनमध्ये गोष्ट मानशीची नाही, बांधाची आहे. पडद्याला आतून धरून ठेवणारं डिस्ट्रोफिन हे प्रथिनच नसतं. स्कोलीनचा हिसका बसला की बांधच फुटतो, पोटॅशियम रक्तात लोटतं आणि हृदय थांबू शकतं. भुलीच्या वायूंनीही, म्हणजे सेव्होफ्लुरेन वगैरेंनी, असं होऊ शकतं. म्हणून त्या मुलाला स्कोलीन नाही, वायू नाही. दुधासारखं पांढरं प्रोपोफोल शिरेतून.

पक्षाघाताने किंवा महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळलेल्याचं आणखी तिसरंच. तिथे बांध शाबूत, पण चेतेचा हुकूम येईनासा झाला की स्नायू बांधभर नव्या मानशी काढत सुटतो. स्कोलीन सगळ्या एकदम उघडतं.

आणि मायस्थेनिया ग्रेव्हिस या स्नायू दुबळे करणाऱ्या आजारात बरोबर उलटं! तिथे शरीराचीच प्रतिपिंडं मानशी मोडून टाकतात. स्कोलीन नेहमीच्या मात्रेत पुरत नाही, तर क्युरारेच्या जातीचं रोक्युरोनियम, जे उरलेली दारं अडवून बसतं, ते थोड्याशा मात्रेतही फार चढतं. म्हणून मनगटाजवळच्या चेतेला दोन सेकंदांत चार हलके शॉक देऊन अंगठा बघतात. अंगठा चारही वेळा सारख्याच जोराने हलला तर स्नायूंचं बळ परतलं. चौथा झटका पहिल्यापेक्षा मलूल असेल तर श्वासाची नळी काढायची घाई नको.

कौलाशी माझं भांडण नाही. पण पायांत बळ कमी आहे हे देवाला आधीच ठाऊक असतं. भूलतज्ज्ञाला ते सांगावं लागतं. घराण्यात कुणी भुलीखाली दगावलं असेल तर तेही. 'स्टेम सेलने डिस्ट्रॉफी बरी' म्हणून व्हॉट्सॲपवर फिरणारे व्हिडिओ मात्र सरळ पुसून टाका. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०१७च्या नियमांनुसार असे उपचार मंजूर संशोधन-चाचणीबाहेर करताच येत नाहीत.

मोठ्या मुलांची तयारी याहून लांबलचक: हृदयाचा इको, फुप्फुसांची क्षमता, स्टिरॉइड चालू असतील तर अचानक न थांबवणं, नळी काढल्यावर लगेच मास्कचं श्वसनयंत्र. आमच्या या पोराला त्यातलं फारसं लागलं नाही. हात महिन्याभरात नीट झाला. त्याच्या फाइलच्या पहिल्या पानावर आता लाल पेनाने लिहिलंय, 'स्कोलीन नको, भुलीचा वायू नको'.

हा दोष एक्स गुणसूत्रावरचा. तो आईकडूनही येतो, कधी नव्यानेही उपटतो. त्याचा धाकटा भाऊ दीड वर्षाचा आहे. अजून चालायला लागलेला नाही. पुढच्या आठवड्यात त्याचं रक्त घेणार आहेत.