निळी गोळी आणि आतड्याचं दार

बीट लाल, रक्तही लाल, म्हणून बीट खाल्लं की रक्त वाढतं, हा सल्ला नाशिकच्या भाजीबाजारात फुकट मिळतो. तो लाल रंग बीटानिन या रंगद्रव्याचा. लोह म्हणाल तर 100 ग्रॅममागे जेमतेम 0.8 मिलिग्रॅम.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) 15 ते 19 वयाच्या 59 टक्के मुलींना रक्तक्षय आढळला, मुलग्यांत 31 टक्के. पाळीत 30-40 मिलिलीटर रक्त जातं आणि मिलिलीटरमागे अर्धा मिलिग्रॅम लोह, म्हणजे महिन्याला 15-20 मिलिग्रॅम. त्यात सगळ्यांची जेवणं झाल्यावर कढईत उरेल ती भाजी तिची.

रक्तक्षय टाळायला शाळेत मिळणाऱ्या निळ्या गोळीत 60 मिलिग्रॅम लोह असतं. आतड्याच्या पेशीतून ते रक्तात उतरायला दार एकच, फेरोपोर्टिन हे प्रथिन. यकृतातून येणारं हेप्सिडिन हे संप्रेरक त्याला चिकटलं की पेशी ते दार आत ओढून मोडून टाकते. अडकलेलं लोह, पेशी दोन-चार दिवसांत झडली की, तिच्याबरोबर शौचावाटे बाहेर. एका गोळीनेही हेप्सिडिन सुमारे 24 तास चढलेलं राहतं, म्हणून त्या काळात घेतलेल्या दुसऱ्या गोळीतलं लोह कमीच शोषलं जातं. जंतुसंसर्ग झाला की इंटरल्युकिन-6 हे शरीरातलं संदेश देणारं प्रथिन हेप्सिडिन आणखी वाढवतं: जंतूंनाही लोह लागतं, म्हणून शरीर ते दडवून ठेवतं.

युद्धात नेमकं हेच दार बंद होतं. निर्वासितांच्या छावणीत गर्दी, गढूळ पाणी, ताप. गोळी मिळाली तरी फारशी अंगी लागत नाही. अफगाणिस्तानात 2021 पासून सहावीपुढच्या मुलींना शाळाच बंद, मग शाळेतून मिळणारं सगळंच बंद. आपल्याकडे लढाई नाही. पण द्राक्षाच्या हंगामात नाशिक जिल्ह्यातल्याच सुरगाणा-पेठ या आदिवासी तालुक्यांतली कुटुंबं बागांच्या कामाला दिंडोरी-निफाडला उतरतात. मुलीचं नाव गावच्या हजेरीपटावर, मुलगी बागेत. शाळेबाहेरच्या मुलींना गोळी अंगणवाडीतून मिळते, तेव्हा मुक्कामाच्या गावातल्या अंगणवाडीत ती मागावी.

जेवणानंतर घ्यावी, ताटात लिंबू असू द्यावं, चहा तासभर लांब. शौच काळी होते ती न शोषलेल्या लोहामुळे, ‘गोळी उष्ण पडली’ म्हणून नव्हे. आणि रक्तक्षयावर रोजच्या गोळ्या महिनाभर घेऊनही हिमोग्लोबिन 1 ग्रॅमने वाढलं नाही, तर गोळ्या वाढवू नयेत. आदिवासी पट्ट्यात सिकलसेल हा रक्तातल्या लाल पेशींचा आनुवंशिक आजारही आहे, त्याची तपासणी करून घ्यावी.