रेखांश हरवलेली बेटे

पॅसिफिक महासागरातील सॉलोमन द्वीपसमूहात ग्वाडलकॅनाल नावाचे मोठे बेट आहे. नेमके याच नावाचे एक गाव स्पेनच्या अँडालुसिया प्रांतात आहे, आणि हा योगायोग नाही. पेरूच्या काय्याओ बंदरातून नोव्हेंबर १५६७ मध्ये दोन जहाजे घेऊन निघालेला स्पॅनिश दर्यावर्दी आल्वारो दे मेंडान्या फेब्रुवारी १५६८ मध्ये या द्वीपसमूहापाशी पोहोचला, तेव्हा त्याच्या सोबतीच्या पेद्रो दे ओर्तेगाने आपल्या गावाचे नाव त्या बेटाला दिले. तेथे पिढ्यानपिढ्या माणसे राहत होती आणि त्यांच्या बोलींत डोंगरांना, नद्यांना स्वतःची नावे होती. पुढे, बायबलमधील सॉलोमन राजाने ज्या ओफीरहून सोने आणवले ते ठिकाण हेच असावे, अशी आवई उठली आणि अख्ख्या समूहाला त्या राजाचे नाव चिकटले.

नाव मिळाले, पण बेटे हरवली. अक्षांश काढणे त्या काळीही जमत असे: मध्यान्हीच्या सूर्याची क्षितिजापासूनची उंची मोजायची आणि त्या दिवसाचा आकडा तक्त्यात पाहायचा. रेखांशाचे तसे नव्हते. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, म्हणून रेखांश कळण्यासाठी जहाजावरच्या स्थानिक वेळेशी ताडून पाहायला निघाल्या बंदरातील त्या क्षणाची वेळ ठाऊक हवी. ती चार मिनिटांनी जरी चुकली, तरी विषुववृत्तावर १११ किलोमीटरांचा फरक पडतो. डुलत्या जहाजावर अचूक चालणारे घड्याळच नसल्याने खलाशी वेग आणि दिशा यांवरून अंदाज बांधत. मात्र विषुववृत्ताच्या दक्षिणेला सागरी प्रवाह पश्चिमेकडे वाहतो आणि जहाजाला सोबत नेतो. पाण्याकडे पाहून बांधलेल्या वेगाच्या अंदाजात हे वाहून जाणे धरलेच जात नाही. परिणामी, पेरूपासून १३,००० किलोमीटरांहून दूर असलेली ही बेटे नकाशांवर फार पूर्वेला उमटली.

मेंडान्या १५९५ मध्ये वसाहत करण्यासाठी पुन्हा निघाला. वाटेत लागलेली बेटे त्याला आधी सॉलोमनच वाटली. चूक उमगल्यावर पेरूच्या व्हाइसरॉयच्या ‘मार्क्विस’ या पदवीवरून त्याने त्यांना मार्केसास म्हटले. तेथील रहिवाशांच्या भाषेत मात्र या बेटांचे नाव ‘माणसांची भूमी’ असे आहे. त्याच वर्षी सांताक्रूझ बेटावर मेंडान्याचा मृत्यू झाला, आणि सॉलोमन बेटे तेथून पश्चिमेला अवघ्या काहीशे किलोमीटरांवर होती. या साऱ्या इतिहासात मला हीच गोष्ट सर्वांत चटका लावणारी वाटते.

याच सफरीतील सुकाणू-तज्ज्ञ किरोस १६०६ मध्ये आणखी दक्षिणेला पोहोचला आणि समोरची भूमी म्हणजे दक्षिणेचा महाखंड समजून त्याने तिला ‘पवित्र आत्म्या’चे नाव दिले. ही बेटे आहेत, खंड नव्हे, हे १७६८ मध्ये फ्रेंच दर्यावर्दी बूगेनव्हिलने दाखवून दिले आणि ग्रीसमधील बेटांवरून त्यांना ग्रेट सायक्लेडीज म्हटले. १७७४ मध्ये जेम्स कुकने स्कॉटलंडच्या बेटांवरून त्यांचे न्यू हेब्रिडीज केले. कुकजवळ इंग्रज घड्याळजी जॉन हॅरिसनच्या, जहाजावरही अचूक चालणाऱ्या सागरी घड्याळाची केंडाल या कारागिराने घडवलेली प्रतिकृती होती, त्यामुळे त्याच्या नकाशावरील बेटे पुन्हा हरवली नाहीत. त्याने दिलेले नाव १९८० पर्यंत टिकले. स्वतंत्र झालेल्या देशाने वानुआतू हे नाव घेतले. त्यातील ‘वानुआ’ म्हणजे भूमी.

१९७९ मध्ये स्वतंत्र झालेल्या गिल्बर्ट बेटांनी वेगळी वाट धरली. ब्रिटिश कप्तान थॉमस गिल्बर्टचे नाव त्यांनी आपल्या भाषेच्या वळणाने ठेवले: किरिबाती. त्या भाषेत शेवटच्या ‘ती’चा उच्चार ‘स’ असा होतो, म्हणून म्हणायचे किरिबास. कुकने १७७७ च्या नाताळात पाहिलेले ख्रिसमस बेटही याच देशात आहे. त्याचे नाव किरितिमाती असे लिहितात आणि किरिसमास असे म्हणतात.