गच्चीवरची चांदणी भिजली कशी?

नाताळला आम्ही सगळे साताऱ्याला माझ्या माहेरी जमतो. दादा, वहिनी, त्यांची मुलगी आणि आई तिथेच असतात, आम्ही चौघं पनवेलवरून जातो. करंज्या, शंकरपाळ्या, चिवडा हे सगळं आमच्याकडे डिसेंबरात होतं, आईच्या हातचं, आणि मुलांना शाळेची सुट्टी असल्यामुळे आठवडाभर घर नुसतं भरलेलं असतं. ह्या वेळी मात्र अख्खी सुट्टी एका कागदी चांदणीच्या मागे गेली.

झालं असं की दादानं दोन चांदण्या लावल्या होत्या, एक गच्चीवर बांबूला आणि एक खाली पोर्चमध्ये स्लॅबच्या हुकाला. दोन्ही एकाच दुकानातल्या, एकाच कागदाच्या. रात्री अकराला दिवे बंद करून आम्ही झोपलो आणि सकाळी बघतो तर गच्चीवरची चांदणी ओली गच्च, वरच्या बाजूचा कागद लिबलिबीत होऊन डिंक सुटलेला, आणि पोर्चमधली अगदी कडक, हात लावला की कुरकुर वाजतेय. माझ्या मुलानं विचारलं, "मामा, रात्री पाऊस पडला का?" आता डिसेंबरात साताऱ्यात कुठला पाऊस, अंगणात जमीन कोरडी होती. वहिनी म्हणाली दव पडलंय. भाची लगेच म्हणाली, "पण आत्या, दव वरून पडतं तर मग वरची चांदणी खालून पण ओली कशी, आणि स्कूटीच्या सीटवर आहे पण आंब्याखालच्या गाडीवर का नाही?"

प्रश्न खरंच चांगला आहे. आपण मराठीत "दव पडतं" म्हणतो, पण दव पडत नाहीच. ते जागेवर तयार होतं, फ्रिजमधून काढलेल्या बाटलीला बाहेरून घाम येतो ना, तसंच. हवेत वाफेच्या रूपात पाणी असतंच, आणि एखादी वस्तू ठराविक तापमानाच्या खाली गार झाली की तिच्यावर त्या वाफेचं पाणी होतं. बाटली फ्रिजनं गार केली हे कळतं. पण चांदणी कोणी गार केली? हवेनं म्हणावं तर पोर्चमध्ये पण तीच हवा होती.

उत्तर असं की चांदणी आकाशाकडे बघून गार झाली. म्हणजे काय, तर प्रत्येक वस्तू, तुम्ही, मी, भिंत, कागद, सगळे सतत उष्णता बाहेर टाकत असतात, डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांच्या रूपात. शेकोटीपासून चार हातांवर उभं राहिलं तरी तोंडाला झळ लागते ना, तेच हे. आपल्या रोजच्या तापमानाला असलेल्या वस्तू जे किरण टाकतात त्यांची तरंगलांबी साधारण १० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपास असते, आणि गंमत म्हणजे नेमक्या ८ ते १३ मायक्रॉनच्या पट्ट्यात आपलं वातावरण बऱ्यापैकी पारदर्शक आहे. उष्णतेला अवकाशात निघून जायला जणू खिडकीच उघडी ठेवलेली. पोर्चमधल्या चांदणीच्या डोक्यावर स्लॅब आहे, ती जेवढी उष्णता टाकते जवळपास तेवढी स्लॅब तिला परत देतो. गच्चीवरची चांदणी देते भरपूर, परत मात्र फारच थोडं मिळतं. म्हणून रात्रभरात ती आजूबाजूच्या हवेपेक्षाही गार होते, आणि मग तिला घाम फुटतो, वरून, बाजूनं, खालून, जिथे जिथे कागद गार झाला तिथे. आंब्याखालच्या गाडीसाठी आंब्याची पानं स्लॅबचं काम करतात, म्हणून ती कोरडी.

हे मी सांगितलं आणि मुलांनी ऐकून घेतलं, पण पटलं नाही हे तोंडावरून दिसत होतं. दादा एमआयडीसीत एका वर्कशॉपला आहे, मोटरचं बेअरिंग तापलंय का ते बघायला त्याच्याकडे इन्फ्रारेड थर्मामीटर असतो, हेच अवरक्त किरण मोजून लांबून तापमान सांगणारी ती पिस्तुलासारखी बंदूक. (कोविडमध्ये कपाळाला लावायचे ती गन ह्याला चालत नाही, ती माणसाच्या अंगाच्या तापमानापुरतीच असते, आकाशाला लावली की नुसतं "लो" दाखवते.) रात्री नऊला सगळे स्वेटर घालून गच्चीवर गेलो. भिंतीवर रोखली, १९ अंश. टाकीवर रोखली, १७. मग भाचीनं सरळ डोक्यावर आकाशाकडे रोखली आणि स्क्रीनवर आलं उणे १४. पोरं ओरडलीच. पुन्हा भिंत, पुन्हा आकाश, पुन्हा आई, पुन्हा आकाश, बॅटरी संपेपर्यंत तेच चाललं.

हा आकडा म्हणजे आकाश नावाच्या एखाद्या छपराचं तापमान नाही, हे इथे सांगायलाच पाहिजे. वरच्या हवेतली वाफ आणि कार्बन डायऑक्साइड थोडे किरण खाली पाठवतात, त्यांची गोळाबेरीज त्या बंदुकीला उणे १४ अंशांच्या वस्तूसारखी वाटते. हवा जितकी कोरडी तितका हा आकडा खाली जातो. पावसाळ्यात हवेत वाफ भरपूर म्हणून ती खिडकी अर्धी बंद असते आणि रात्री उबदार राहतात. आमच्या पनवेलला डिसेंबरात सुद्धा समुद्राची दमट हवा असते म्हणून तिथे अशी थंडी पडतच नाही, पण घाट चढून साताऱ्यात आलं की हवा कोरडी, आकाश स्वच्छ, त्यामुळे दुपारी २८-२९ अंश आणि पहाटे ११-१२. एका दिवसात एवढा फरक, दुपारी टोपी आणि पहाटे कानटोपी.

दुसऱ्या दिवशी मुलांना स्वतःचा प्रयोग करायचा होता, तेव्हा मी त्यांना एका जुन्या डॉक्टरची गोष्ट सांगितली. विल्यम चार्ल्स वेल्स म्हणून लंडनमध्ये एक डॉक्टर होते, त्यांना दवाचं वेडच होतं. ते लोकरीचे छोटे पुंजके वजन करून रात्री बागेत ठेवायचे, काही उघड्यावर, काही फळीच्या खाली, आणि नंतर परत वजन करून कुठे किती दव आलं ते बघायचे. तब्येत साथ देत नव्हती तरी रात्रीचे हे प्रयोग त्यांनी केले आणि १८१४ साली त्यावर निबंध छापला, त्यात नीट दाखवून दिलं की आधी वस्तू गार होते आणि मग दव येतं, उलटं नाही. लोकरीच्या पुंजक्यांवर एवढं मोठं कोडं सुटलं ह्याचं मला आजही कौतुक वाटतं.

आम्ही लोकरीऐवजी मेडिकलमधला कापूस घेतला. आईचा करंजीच्या मैद्याचा वजनकाटा मिळवायला जरा विनवण्या कराव्या लागल्या. दहा-दहा ग्रॅमचे दोन बोळे पिंजून ताटलीएवढे पसरवले, एक गच्चीवर उघड्यावर, दुसरा तिथेच स्टुलाखाली, म्हणजे दोघांत जेमतेम दोन हातांचं अंतर. नाताळच्या आदल्या रात्री भजनं म्हणून परत आल्यावर ठेवले आणि सकाळी उपासनेला जायच्या आधी, नवीन कपडे घातलेले असताना, तिघं धावत वर. उघड्यावरचा १७ ग्रॅम, स्टुलाखालचा ११. तो एक ग्रॅम कसला असं माझ्या लेकीनं विचारलं, तर कापूस हवेतली ओल तशीही थोडी ओढून घेतो, पापड उघडा राहिला की सादळतो तसा. बाकीचे सहा ग्रॅम मात्र आकाशाचे.

जेवताना मी अजून एक सांगितलं आणि ते ऐकून दादा पण थांबला. फ्रिज नव्हते तेव्हा आपल्या देशात अलाहाबादसारख्या ठिकाणी थंडीत असाच बर्फ बनवायचे. उथळ मातीच्या परळांत पाणी घालून ते उघड्या मैदानात, खड्ड्यात, उसाच्या चिपाडांवर वगैरे रात्रभर ठेवायचे, खालून जमिनीची ऊब लागू नये म्हणून चिपाडं. हवा शून्याच्या वर असताना सुद्धा पहाटे त्यावर बर्फ धरायचा. रॉबर्ट बार्कर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं लिहिलेलं ह्याचं वर्णन १७७५ साली छापून आलं. त्या कारागिरांची नावं कुठे नाहीत, पण आकाश, वारा आणि चिपाड ह्यांचं गणित त्यांना हातानं येत होतं.

आणि हेच आपल्या जिल्ह्यात दरवर्षी घडतं! महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या जेट्टीवर, लिंगमळ्याच्या बाजूला, गाड्यांच्या टपावर आणि स्ट्रॉबेरीच्या पानांवर हिमकण दिसल्याची बातमी येते, फोटो फिरतात, आणि त्याच बातमीत तापमान पाच-सहा अंश दिलेलं असतं. मग लोक म्हणतात शून्य नाही तर बर्फ कसा. तर तापमान मोजतात ते जमिनीपासून माणसाच्या छातीइतक्या उंचीवरच्या हवेचं, तेही झापाच्या पेटीत सावलीला ठेवलेल्या थर्मामीटरनं. गाडीचा टप आणि पान आकाशाकडे बघत असतात, ते हवेपेक्षा कितीतरी खाली गेलेले असतात.

भाचीनं मग जो प्रश्न विचारला तो ह्या सगळ्यात मला सगळ्यात आवडला. महाबळेश्वर १३५० मीटरच्या आसपास, सातारा ७४० च्या आसपास, उंचावर थंडी जास्त असं भूगोलात शिकवतात, मग पेपरात कधी कधी पहाटेचं तापमान साताऱ्याचं कमी आणि महाबळेश्वरचं जास्त कसं छापून येतं, चूक असते का?

चूक नसते. दर किलोमीटरला साधारण साडेसहा अंशांनी तापमान उतरतं हे खरंच आहे, दुपारी तसंच असतं, महाबळेश्वर साताऱ्यापेक्षा चारेक अंश गार. पण स्वच्छ आणि वारा पडलेल्या रात्री सगळं उलटतं. जमीन आकाशाला उष्णता देऊन गार होते, तिला चिकटलेली हवा गार होते, गार हवा जड, मग ती उतारावरून पाण्यासारखी हळूहळू खाली घसरते आणि खोलगट जागी साचते. वर डोंगराच्या अंगावर राहते ती ऊबदार हवा. सातारा बघा ना, एका बाजूला अजिंक्यतारा, दुसऱ्या बाजूला यवतेश्वर, मध्ये गाव. वाटीच झाली ती. पहाटे यवतेश्वरच्या घाटातून खाली बघितलं तर गावावर धुराचा सपाट थर दिसतो, जणू कोणी झाकण ठेवलंय, तो धूर वर जात नाही कारण वरची हवा जास्त गरम आणि हलकी असते. आणि महाबळेश्वरला वेण्णा तलाव तिथल्या बाजारपेठेपेक्षा गार असतो त्याचंही कारण हेच, तो खोलगट जागी आहे. टू-व्हीलरवरून पहाटे साताऱ्याहून माहुलीकडे गेलात आणि नदीजवळ उतार लागला की एकदम गार हवेचा झोत अंगावर येतो, ती तीच साचलेली हवा.

२७ तारखेला आम्ही हे चालून बघितलं. पहाटे सहाला घराच्या फाटकाशी साधा डिजिटल थर्मामीटर ११.८ दाखवत होता. अजिंक्यतारा चढून, उजाडायच्या आत, वरच्या दरवाज्यापाशी १४.६. तीनशे मीटरही चढलो नव्हतो आणि हवा जवळपास तीन अंशांनी उबदार. चढून अंग तापलं म्हणून असं वाटतंय असं नवऱ्याचं मत होतं, म्हणून थर्मामीटर काठीला बांधून लांब धरला, पाच मिनिटं थांबलो, आकडा तोच.

उजाडायला मात्र वेळ लागला. सूर्य सातनंतर आला आणि मुलानं विचारलं की २२ डिसेंबरला सगळ्यात लहान दिवस झाला ना, मग आता सूर्य लवकर यायला पाहिजे. येत नाही. साताऱ्यात त्या दिवशी दिवस जेमतेम ११ तासांचा आणि रात्र १३ तासांची, म्हणजे जमिनीला उष्णता घालवायला १३ तास. त्यानंतर दिवस मोठा होतो खरा, पण तो संध्याकाळच्या बाजूनं वाढतो, सूर्योदय जानेवारीच्या मध्यापर्यंत उलट अजून पुढे सरकत राहतो. कारण डिसेंबरअखेर एका माध्यान्हापासून दुसऱ्या माध्यान्हापर्यंत २४ तास नाही तर त्याहून अर्धा मिनिट जास्त लागतो, पृथ्वीचा आस कलता आहे म्हणून, आणि ह्या दिवसांत पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ असल्यानं जोरात पळत असते म्हणूनही. हो, जवळ! जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आपण सूर्याला जुलैपेक्षा सुमारे ५० लाख किलोमीटर जवळ असतो आणि तरी कुडकुडतो, कारण सूर्य तिरपा असतो, भर दुपारी सुद्धा साताऱ्यात तो क्षितिजापासून ५० अंशांच्या वर जात नाही.

तोपर्यंत घरात थंडीची बाकी प्रकरणं चालूच होती, खोबरेल तेल २४ अंशांच्या खाली गोठतं म्हणून बाटली रोज बंबाशेजारी, आणि दही लागत नाही म्हणून आईनं विरजणाचं भांडं गव्हाच्या डब्यात पुरून ठेवलेलं. जिवाणूंना ऊब लागते आणि गव्हाच्या दाण्यांमधली अडकलेली हवा ती ऊब धरून ठेवते, गोधडीसारखी. आईला हे कोणी शिकवलं नव्हतं, आणि सकाळी दही इतकं घट्ट की सुरीनं कापावं.

निघायच्या आदल्या रात्री मुलांनी शेवटचे बोळे ठेवले, ह्या वेळी चार, चार कोपऱ्यांत, वहीत रकाने आखून. रात्री आभाळ भरून आलं. दादानं बंदूक वर रोखली तर अधिक ३. ढग म्हणजे आकाशालाच स्लॅब टाकल्यासारखं, तो खालून मिळालेली उष्णता शोषतो आणि परत खाली देतो. सकाळी फाटकाशी १६ अंश होते, चारही बोळे अकराच्या वर गेले नाहीत, माझी लेक रडवेली झाली की प्रयोग फेल गेला. भाचीनं तिच्या हातातून वही घेतली, चारही रकान्यांत ११ लिहिलं आणि बाजूच्या जागेत लिहिलं, "काल ढग होते." मग दोघी गच्चीच्या टोकाला जाऊन चांदणीला हात लावून आल्या, कोरडी होती.