रिकव्हरी पार्टिशन (संगणक)

रिकव्हरी पार्टिशन : संगणकाच्या हार्ड डिस्कवर उत्पादकाने राखून ठेवलेला, एरवी न दिसणारा भाग. त्यात प्रचालन प्रणालीची (उदा. विंडोज) मूळ प्रतिमा म्हणजे हुबेहूब नक्कल, त्या मॉडेलचे ड्रायव्हर (यंत्राचे भाग चालवणारे प्रोग्रॅम) आणि हे सारे परत भरणारा छोटा प्रोग्रॅम असतो. सीडी-डीव्हीडी हाताशी नसली तरी जुना संगणक मूळ स्थितीत आणता येतो, तो याच्या आधारे.

याच्या उगमाविषयी एकवाक्यता नाही. आयबीएमच्या पीएस/२ मालिकेतील नंतरच्या काही मॉडेलांत संदर्भ-फ्लॉपीवरील (यंत्राची मांडणी करण्याची फ्लॉपी) साधने डिस्कवरच ठेवली जात. काही जण मूळ तेथे शोधतात. दुसरे मत कॉम्पॅकच्या निदान-पार्टिशनकडे (पार्टिशनच्या प्रकाराचा क्र. १२, षोडशमान म्हणजे सोळाच्या पायाच्या पद्धतीत) जाते. मात्र दोन्हींत मांडणीची व तपासणीची साधनेच होती, प्रचालन प्रणाली नव्हती. त्यामुळे त्यांना पूर्वज मानणे अधिक सयुक्तिक वाटते. संपूर्ण प्रतिमा डिस्कवर देण्याची रूढी विंडोज एक्सपीच्या (२००१) सुमारास स्थिरावली असावी. बायॉसमधील (यंत्र सुरू करणारा मदरबोर्डवरील प्रोग्रॅम) उत्पादकाची खूण पाहून विंडोज आपोआप सक्रिय होण्याची सोयही याच काळातली. म्हणूनच मूळ प्रतिमा भरल्यावर सहसा ‘प्रॉडक्ट की’ (विंडोजचा परवाना-क्रमांक) विचारली जात नाही. यंत्रावरील स्टिकरवरची ‘की’ वेगळी असते. काही थिंकपॅड लॅपटॉपमध्ये ही सामग्री पार्टिशन-तक्त्याबाहेर (तक्ता म्हणजे डिस्कवरील भागांची यादी), डिस्कच्या ‘होस्ट प्रोटेक्टेड एरिया’त, म्हणजे प्रचालन प्रणालीपासून लपवलेल्या भागात असे. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये काही दिसले नाही एवढ्यावरून ती पुसली गेली असे समजू नये.

यंत्र सुरू होताना दाबायची कळ उत्पादकागणिक बदलते : एचपी एफ११, एसर ऑल्ट+एफ१०, आसुस एफ९, तोशिबा शून्य (दाबून धरणे), लेनोव्हो आयडियापॅडला स्वतंत्र नोवो बटण. डेलच्या एक्सपी यंत्रांना कंट्रोल+एफ११, तर व्हिस्टा व ७ असलेल्यांना एफ८ दाबून ‘रिपेअर युवर कॉम्प्युटर’. एसरमध्ये बायॉसमधील ‘डी२डी रिकव्हरी’ चालू असावी लागते.

कळ चालत नसेल तर बहुधा मास्टर बूट रेकॉर्ड (डिस्कच्या आरंभीचा, बूट सुरू करणारा भाग) बदललेला असतो. लिनक्सचा ग्रब (बूट करणारा प्रोग्रॅम) बसवल्यावर हे हमखास घडते. अशा वेळी डिस्कपार्टने (पार्टिशन हाताळणारे विंडोजचे साधन) पार्टिशन शाबूत आहे का ते पाहावे (व्हिस्टा व ७ मध्ये प्रकार क्र. बहुधा २७). असल्यास ते सक्रिय (बूटसाठी निवडलेले) करून थेट त्यावरून बूट करता येते. मदरबोर्डवरील सीआर२०३२ सेल संपला असेल तर बायॉसची मांडणी मूळपदावर जाते, साटा मोड (डिस्कशी संपर्काची पद्धत) बदलतो आणि निळ्या पडद्यावर ७बी त्रुटी (बूटची डिस्क वाचता न येणे) येते. सेल बदलून मोड पूर्ववत करावा. सर्वांत घातक दोष खराब सेक्टरांचा (डिस्कवरील माहितीचे छोटे कप्पे). प्रतिमा अर्ध्यावर वाचेनाशी होते, तोवर सी ड्राइव्ह पुसला गेलेला असतो. त्यामुळे आधी स्मार्ट नोंदी (डिस्कने स्वतःच्या प्रकृतीच्या ठेवलेल्या नोंदी) पाहाव्यात आणि जीएनयू डीडीरेस्क्यू या प्रोग्रॅमने संपूर्ण डिस्कची नक्कल दुसऱ्या डिस्कवर घ्यावी. लॅपटॉपला अडॅप्टर लावलेला असावा.

कोल्हापूरसारख्या छपाईच्या शहरात डीटीपीचे (संगणकावर छपाईची पाने जुळवण्याचे) संगणक परत भरताना वेगळी काळजी लागते. श्री-लिपी किंवा आकृतीच्या जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये जुळवलेल्या पेजमेकर फायली त्या फॉन्टशिवाय निरर्थक चिन्हे दाखवतात. फायलींबरोबर फॉन्ट आणि हार्डवेअर लॉकचे (सॉफ्टवेअरच्या परवान्यासाठी संगणकाला जोडायचे उपकरण) ड्रायव्हरही बाहेर काढून ठेवावेत. २०१९ व २०२१ च्या पंचगंगेच्या पुरांसारख्या पुरात भिजलेल्या डिस्कला मात्र वीज देऊ नये. तेथे आधी माहिती वाचवणे हेच काम.

विंडोज ७ मूळ स्थितीत आल्यावर अपडेट अडते, कारण २०१९ पासूनची अपडेट एसएचए-२ (फाइल अस्सल असल्याची खात्री करणारी पद्धत) स्वाक्षरीची आहेत. सर्व्हिस पॅक १ नसल्यास तो, मग मायक्रोसॉफ्टचे केबी४४९०६२८ आणि त्यानंतर केबी४४७४४१९ हे अपडेट हाताने बसवावे लागते. मूळ ब्राउझरमधून आजची बरीच संकेतस्थळे उघडत नसल्याने या फायली दुसऱ्या संगणकावर उतरवून पेनड्राइव्हने आणाव्यात.