वॉश अप (इंग्रजी फ्रेजल व्हर्ब)

वॉश अप हे इंग्रजीतलं रोजच्या बोलण्यातलं फ्रेजल व्हर्ब, म्हणजे क्रियापदाला अपसारखा छोटा शब्द जोडून झालेलं जोड-क्रियापद. ब्रिटनमध्ये याचा अर्थ जेवणानंतरची भांडी घासणं, अमेरिकेत मुख्यतः हात-तोंड धुणं. म्हणजे अमेरिकन घरात पानं वाढायच्या आधी कुणी ‘गो वॉश अप’ म्हटलं तर बेसिनकडे जायचं, आणि लंडनमध्ये जेवणं उरकल्यावर कुणी ‘आय विल वॉश अप’ म्हटलं तर तो बाह्या सरसावून खरकट्या भांड्यांकडे निघालाय, भांडी हा शब्द काढावाच लागत नाही. भांड्यांच्या साबणालाही तिकडे वॉशिंग-अप लिक्विड म्हणतात, अमेरिकेत डिश सोप. कपडे, केस, गाडी असेल तर सहसा नुसतं वॉश.

वॉश हा जुन्या इंग्रजीपासूनचा शब्द, बहुतेक व्युत्पत्तीकार त्याचं मूळ वॉटरच्या धातूशी जोडतात, म्हणजे लांबून का होईना आपल्या ‘उदक’शी नातं लागतं. खरी अडचण अपची. शाळेत अप म्हणजे वर असं डोक्यात बसलेलं असतं, पण ईट अप, ड्रिंक अप, क्लीन अप एकत्र ठेवून बघा, हा अप काम पुरतं झाल्याचं सांगतो, आपण ‘खाऊन टाक’, ‘धुऊन काढ’ म्हणतो त्यातले टाक आणि काढ जे करतात तेच जवळपास. भांडी की हात, हे मात्र रूढीनंच ठरतं.

‘वॉश द प्लेट्स अप’, ‘वॉश अप द प्लेट्स’ दोन्ही चालतं, पण सर्वनाम आलं की ते मध्येच, ‘वॉश देम अप’.

समुद्रानं काही किनाऱ्यावर आणून टाकलं तरी वॉश अप. नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याला व्हेलचं पिल्लू किनाऱ्याला लागलं, तसल्या घटनेला हेच क्रियापद.

माणसाला वॉश्ड-अप म्हटलं तर त्याची सद्दी संपली, असा अर्थ. हा कुठून आला यावर एकमत नाही. काहींना वाटतं किनाऱ्याला लागलेल्या ओंडक्यावरून, काही जण काम संपल्यावर हात धुण्याशी जोडतात आणि तो अमेरिकन नाटकवाल्यांच्या बोलीतून साधारण १९२० च्या दशकात रुळला असं मानतात. दुसरं मत जास्त पटतं, कारण ‘आमचं संपलं, आता हात धुतले’ हा भाव त्यात सरळ बसतो, ओंडक्याची कल्पना मागाहून चिकटलेली वाटते. अर्थ बोचरा आहे, समोरच्याला तोंडावर म्हणू नये.